तांबडी पेशी साखर कशी मोडते

रक्तातली साखर तपासायची असेल तर रक्त बहुधा राखाडी बुचाच्या नळीत घेतात. त्या नळीत सोडियम फ्लोराइड असते. ते नसेल आणि तपासणीला उशीर झाला, तर साखरेचा आकडा तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरतो, कारण नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि ग्लुकोज मोडणे चालूच ठेवतात. या मोडणीला ग्लायकोलिसिस म्हणतात. ती पेशीद्रवात १० टप्प्यांत होते आणि तिला ऑक्सिजन लागत नाही.

तांबड्या पेशीत तंतुकणिका नसतात, त्यामुळे तिची सारी ऊर्जा यातूनच येते. ग्लुकोज आत शिरताच हेक्झोकायनेज हे विकर त्याला एक फॉस्फेट जोडते. विद्युतभार आल्यामुळे ग्लुकोजला आता पेशीबाहेर पडता येत नाही. रेणूची रचना थोडी बदलली की दुसरे फॉस्फेट जोडले जाते. दोन्ही फॉस्फेट एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूकडून येतात, म्हणजे कमाईच्या आधी पेशी पदरचे २ एटीपी खर्च करते. या दुसऱ्या जोडणीवरच मुख्य लगाम असतो: पेशीत एटीपी मुबलक असले की तिथले विकर मंदावते.

मग सहा कार्बनचा रेणू मधोमध तुटतो. तीन कार्बनचे दोन तुकडे होतात आणि त्यातला एक बदलून दुसऱ्यासारखा होतो. पुढचे सगळे टप्पे म्हणूनच दोनदा घडतात. प्रत्येक तुकड्यातला हायड्रोजन एनएडी हा वाहक रेणू उचलतो, तुकड्याला पेशीद्रवातले आणखी एक फॉस्फेट जोडले जाते आणि पहिले एटीपी तयार होते. नवव्या टप्प्यात एनोलेज हे विकर पाण्याचा रेणू काढून घेते. फ्लोराइड नेमके याच विकराला अडवते. त्याच्या आधीचे टप्पे लगेच थांबत नाहीत, म्हणून अशा नळीतही पहिला तास-दोन तास साखर थोडी घटते. दहाव्या टप्प्यात दुसरे एटीपी मिळते आणि पायरुव्हेट उरते. ४ मिळाले, २ खर्चले. निव्वळ कमाई २ एटीपी.

पण एनएडीचा साठा मोजका असतो. तो हायड्रोजनने भरलेलाच राहिला तर हायड्रोजन उचलण्याच्या सहाव्या टप्प्यावर सगळे अडेल. म्हणून पायरुव्हेट तो हायड्रोजन घेऊन लॅक्टेट होते आणि एनएडी मोकळे होते. लॅक्टेट रक्तातून यकृतात जाते, तिथे त्याचे पुन्हा ग्लुकोज बनते. इतर पेशींत ऑक्सिजन असेल तर पायरुव्हेट तंतुकणिकांत जाते आणि एका ग्लुकोजमागे एकूण सुमारे ३० एटीपी मिळतात.

त्या मानाने २ म्हणजे तुटपुंजेच. तरी तांबडी पेशी त्यांवरच आत शिरलेला सोडियम बाहेर टाकते, आपला आकार टिकवते आणि सुमारे १२० दिवस जगते. काही मुलांमध्ये दहाव्या टप्प्याचे विकर, पायरुव्हेट कायनेज, जन्मतःच सदोष असते. त्यांच्या तांबड्या पेशी मुदतीआधीच नष्ट होतात आणि रक्तक्षय होतो. दहापैकी एका टप्प्यात खोट आली, तर तिची एवढी किंमत शरीराला मोजावी लागते.