डोळ्याची पापणी लवण्याआधी

मुलांनो, समजा, क्यूरपीपहून पोर्ट लुईकडे जाणाऱ्या बसमध्ये तुम्ही उभे आहात. चालकाने अचानक ब्रेक दाबला, तर काय होते? बसचा वेग कमी होतो. पण तुम्ही मात्र पुढे झुकता. बसबरोबर तुमचे शरीरही वेगात असते आणि त्याच वेगाने ते पुढे जाऊ पाहते. या गुणधर्माला जडत्व म्हणतात.

मोटारीतही असेच घडते. ताशी ५० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. ती भिंतीवर आदळली, तर क्षणार्धात थांबते. आतला माणूस मात्र पुढेच जात राहतो. त्याला कोणी अडवले नाही, तर त्याचे डोके स्टिअरिंगवर किंवा समोरच्या काचेवर आदळते. हे टाळण्यासाठी मोटारीत सुरक्षा-पट्टा असतो. त्याच्या मदतीला एअरबॅग, म्हणजे वायूने फुगणारी पिशवी, असते.

अशा पिशवीची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील जॉन हेट्रिक यांना १९५३ साली तिचे पेटंट मिळाले. पण धडक झाली हे ओळखायचे कसे आणि पिशवी इतक्या लवकर फुगवायची कशी, हे दोन प्रश्न अवघड होते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जडत्वातच सापडले. एका छोट्या नळीत लोखंडी गोळी ठेवली आणि ती चुंबकाने धरून ठेवली. जोराची धडक बसली की गोळी चुंबकापासून सुटते, पुढे सरकते आणि विद्युतमंडल पूर्ण करते. अशा साधनाला संवेदक म्हणतात. आजच्या मोटारींत गोळीऐवजी सिलिकॉनची अतिशय सूक्ष्म संवेदक-चकती असते. तिच्याकडून आलेल्या संदेशांवरून एक छोटा संगणक ठरवतो, की हा रस्त्यावरील खड्ड्याचा साधा धक्का आहे की खरी धडक.

धडक खरी असेल, तर संगणक विजेचा संदेश पाठवतो. ठिणगी पडते आणि डबीतील रासायनिक पदार्थ झपाट्याने जळतो. त्यातून पुष्कळ वायू तयार होतो. त्यात मुख्यतः नायट्रोजन असतो. हा वायू पिशवी फुगवतो. सेकंदाचे एक हजार भाग केले, तर त्यांतील तीस-चाळीस भागांतच पिशवी फुगते. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो!

पिशवी फुगलेलीच राहत नाही. तिला छिद्रे असतात. डोके तिच्यावर टेकताच वायू त्यांतून बाहेर पडतो आणि डोके हळूहळू थांबते. उंचावरून उडी मारताना आपण गुडघे वाकवतो, त्यामुळे धक्का कमी बसतो. येथेही तेच तत्त्व आहे. थांबायला जरा जास्त वेळ मिळाला, की इजा कमी होते.

आता एक महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवा. इतक्या जोरात फुगणारी पिशवी स्वतःही मारा करू शकते. पट्टा न बांधलेला माणूस धडकेच्या वेळी पुढे सरकतो आणि फुगणाऱ्या पिशवीच्या अगदी जवळ जातो. म्हणून एअरबॅग पट्ट्याची जागा घेत नाही. ती त्याची सोबती आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी मागच्या आसनावर, पट्टा बांधून बसावे. मागे तोंड असलेले बाळाचे आसन एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये. समोरच्या फळीवर पाय ठेवून बसणेही धोक्याचे आहे.

एकदा फुगलेली पिशवी पुन्हा वापरता येत नाही. पट्टा मात्र रोज वापरायचा असतो. मोटार सुरू होण्यापूर्वी तुम्ही तो बांधा आणि घरातील मोठ्यांनाही आठवण करून द्या.

स्वाध्याय

१. ब्रेक दाबल्यावर बसमधील प्रवासी पुढे का झुकतात?
२. गोळीचा संवेदक धडक कशी ओळखतो?
३. पिशवीला छिद्रे नसती, तर काय झाले असते?
४. ‘एअरबॅग पट्ट्याची सोबती आहे.’ हे वाक्य तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.