निरोप कोण वाहतो?

तळेगाव दाभाड्याहून इंदोरीमार्गे चाकणला पाळीवर जाणाऱ्या कामगारांच्या खिशात आज मोबाइल आहे. शेजारी बसलेल्या दोघांनी एकमेकांना निरोप धाडला, तरी तो बहुधा आधी टॉवरकडे जातो, तेथून कंपनीच्या यंत्रणेत शिरतो आणि मग हातभर अंतरावरच्या खिशात उतरतो. टॉवर बंद पडला की यंत्रे मुकी होतात. मग यंत्रांनी यंत्रांशी थेट बोलावे, एकाचा निरोप दुसऱ्याने पुढे न्यावा, हे शक्य नाही काय? शक्य आहे. यालाच विकेंद्रित बिनतारी जाळे म्हणतात.

त्याची रीत समजून घेऊ. समजा, गावकुसाबाहेरच्या वस्तीतील यंत्राला गावातल्या दवाखान्याकडे निरोप पाठवायचा आहे. वाय-फायचा आवाका मोकळ्या जागी साधारण शंभर मीटर, दवाखाना त्यापलीकडे. तेव्हा ते यंत्र हाळी देते : दवाखान्याची वाट कोणाला ठाऊक आहे? ऐकणारे प्रत्येक यंत्र ही हाळी कोणाकडून आली ते टिपून ठेवते आणि तीच हाळी पुढे देते. हाळीला क्रमांक असतो. तोच क्रमांक पुन्हा कानी आला तर यंत्र गप्प बसते. नाहीतर नुसता गोंगाट माजेल. दवाखान्याचे उत्तर त्याच टिपणांच्या आधारे माघारी येते आणि वाट ठरते. मग निरोप तुकड्यातुकड्यांनी निघतो. प्रत्येक टप्प्यावर पोच मिळते. न मिळाल्यास तुकडा पुन्हा पाठवला जातो. मधले एखादे यंत्र निघून गेले, तर त्याचा शेजारी 'वाट मोडली' असे मागे कळवतो आणि नवा शोध सुरू होतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या 'एओडीव्ही' या नियमावलीचा हा गाभा होय. या विचाराचे बीज मात्र १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याने केलेल्या 'पॅकेट रेडिओ'च्या प्रयोगांत आहे.

याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सर्व यंत्रे एकाच लहरीवर बोलत असतील, तर मधल्या यंत्राला एकाच वेळी ऐकता आणि बोलता येत नाही. म्हणून टप्पे वाढले की वेग घटतो. तळेगाव ते चाकण सुमारे वीस किलोमीटर. शंभर मीटरच्या उड्यांनी दोनशे टप्पे होतील. ते व्यवहार्य नाही. वस्ती, कारखाना, पुराने वेढलेले गाव, हे या जाळ्याचे खरे क्षेत्र.

टप्प्याटप्प्याने निरोप नेणे आपल्या समाजाला नवे नाही. महार वतनात सरकारी कागद पुढच्या गावी पोचवणे हे एक काम होते. तेथला महार ते पुढे नेई. पाय त्याचे, निरोप मात्र दुसऱ्याचा. या वतनाच्या जाचाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली. नव्या जाळ्यात फरक आहे तो येथेच. येथे जो वाहतो तोच बोलतोही. आज मी तुझा निरोप नेतो, उद्या तू माझा नेशील. वाहण्याला जात नाही.

परंतु यंत्रात समता आपोआप येत नाही. पुढे नेण्यात बॅटरी खर्च होते. म्हणून एखादे यंत्र स्वतःचे निरोप पाठवील आणि दुसऱ्याचे अडवील. एखादे तर 'वाट माझ्याकडे आहे' असे खोटे सांगून आलेले सारे गिळून टाकील. मध्यभागी असलेल्याला अशा आडमुठेपणाची फारशी झळ लागत नाही. त्याला चहूबाजूंनी वाटा असतात. कडेच्याला एकच शेजारी असतो. तो फिरला की कडेचा संपला. गावाची कड कोणाच्या वाट्याला आली, हे आपल्याला सांगावे लागत नाही.

म्हणून आपल्या तरुण अभियंत्यांनी आणि कार्यकर्त्यांनी असे जाळे उभारताना पहिला प्रश्न वेगाचा विचारू नये. कडेच्या घराला किमान दोन स्वतंत्र वाटा आहेत काय, हा विचारावा. एकाच वाटेवर जगणारा माणूस वाटेच्या मालकाचा ताबेदार होतो.