उपनगरातील दुकान आणि ड्रोनचा कॅमेरा

मुंबईच्या उपनगरांत उपाहारगृह, व्यायामशाळा किंवा लग्नाचे सभागृह चालवणाऱ्या लहान व्यावसायिकाला ड्रोनने टिपलेला जाहिरातपट आता आवाक्यातला वाटू लागला असला, तरी तो कसा दिसेल हे कॅमेऱ्याच्या दर्जाआधी त्या जागेचे विमानतळापासूनचे अंतर ठरवते. ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झालेल्या ड्रोन नियमांनुसार 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावरील नकाशात आकाशाचे तीन भाग केलेले आहेत : हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत वेगळ्या परवानगीविना उड्डाण करता येते, पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रणाची, तर लाल भागात थेट केंद्र सरकारची परवानगी लागते.

विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ही हिरवी मर्यादा २०० फुटांवर येते आणि आठ किलोमीटरच्या आत ती संपतेच. अंधेरीच्या एका बाजूस सहारचा विमानतळ आहे, तर दुसऱ्या बाजूस १९२८ साली सुरू झालेला आणि आज हेलिकॉप्टरांची वर्दळ असलेला जुहूचा. घाटकोपर तर मुख्य धावपट्टीकडे उतरणाऱ्या विमानांच्या वाटेखालीच वसलेले आहे. बोरिवली आणि मुलुंड त्या मानाने दूर असले, तरी दोन्हींना लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात चित्रीकरणासाठी वनविभागाची परवानगी लागते. शिवाय शहरात ड्रोन उडवण्यास मनाई करणारे आदेश मुंबई पोलीस वेळोवेळी काढत असल्याने नकाशा हिरवा दिसला, एवढ्यावर भागत नाही.

अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या, म्हणजे 'नॅनो' वर्गातील, ड्रोनला काहीच लागत नाही हा समज सर्वत्र आढळतो आणि तो अर्धाच खरा आहे. या वर्गाला चालक प्रमाणपत्रातून सूट आहे, आकाशाच्या विभागणीतून नाही. त्याहून जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा असेल, तर प्रमाणपत्र आणि त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा दोन्ही आवश्यक ठरतात.

प्रसिद्धीच्या घाईत हे कसे निसटते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. मे २०१४ मध्ये 'फ्रान्सेस्कोज पिझ्झेरिया'ने ड्रोनद्वारे वरळीच्या एका उंच इमारतीवर पिझ्झा पोहोचवल्याची चित्रफीत प्रसिद्ध केली, तिची चर्चा देशाबाहेरही झाली, आणि पाठोपाठ पोलिसांनी परवानगीविषयी विचारणा केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, नियम तयार होईपर्यंत, खासगी ड्रोनच्या वापरावर बंदीच घातली.

वास्तविक लहान दुकानाला उंचीचा लाभ थोडाच होतो, कारण वरून पाहता पत्र्याची छपरे, पाण्याच्या टाक्या आणि शेजारच्या सोसायटीच्या खिडक्या दिसतात (त्या खिडक्यांमागील रहिवाशांची हरकत वेगळीच), दुकानाची पाटी मात्र दिसत नाही. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतील मिनियापोलिस शहरातील 'ब्रायंट लेक बोल' या जुन्या बोलिंग केंद्रावर केलेला सुमारे दीड मिनिटाचा जाहिरातपट जगभर गाजला तो नेमका उलट वाटेने : डोळ्यांवरील चष्म्यात ड्रोनचेच दृश्य पाहत चालकाने तो रस्त्यावरून दारात, गिऱ्हाइकांमधून आणि थेट बोलिंगच्या खुंट्यांमागील यंत्रापर्यंत एकाच सलग दृश्यात नेला, तर आवाज मागाहून जोडण्यात आला. अंधेरीच्या औद्योगिक गाळ्यातील कारखान्याला किंवा घाटकोपरच्या मिठाईच्या दुकानाला हीच रीत अधिक शोभते. तथापि असे काम सोपवतानाही चालकाकडे ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि लागू असल्यास प्रमाणपत्र व विमा मागून पाहावा, पोलिसांचा चालू आदेश स्थानिक ठाण्यात विचारून घ्यावा, आणि मगच आगाऊ रक्कम द्यावी.