चौदा मुलांचा निकाल

समजा, अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या चार्टर शाळेत आठवीला चौदा मुलं आहेत. राज्याच्या गणिताच्या परीक्षेत गेल्या वर्षीच्या चौदांपैकी नऊ जण ‘प्रावीण्य’ पातळीला पोचले होते, यंदा सहा. कागदावर याची नोंद होते ती अशी : ६४ टक्क्यांवरून थेट ४३. संस्थाचालकांची झोप उडावी असा आकडा. प्रत्यक्षात फरक तीन मुलांचा आहे. त्यातलं एखादं परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणलेलं असेल, एखाद्याचं बिऱ्हाड वर्षात दोनदा हललं असेल आणि तिसऱ्याला गणित खरोखरच जमत नसेल. शिक्षक तेच, पुस्तकं तीच, फळाही तोच.

चार्टर शाळेसाठी ही नुसती अब्रूची गोष्ट नसते. ही शाळा चालते सरकारी पैशावर. तिला फी घेता येत नाही आणि अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर सोडत काढावी लागते. कारभार मात्र तिचं स्वतःचं मंडळ बघतं. त्या मोकळिकीची किंमत म्हणजे करार : ठरावीक वर्षांनी तो संपतो, निकाल तपासले जातात आणि नूतनीकरण झालं नाही तर शाळेला कुलूप लागतं. मिनेसोटा राज्याने १९९१मध्ये असा पहिला कायदा केला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉल शहरात ‘सिटी अकॅडमी’ ही पहिली शाळा उघडली. २०२१-२२पर्यंत अशा शाळा सुमारे ७,८०० झाल्या होत्या आणि त्यांत ३७ लाख मुलं शिकत होती. शंभर-दोनशे मुलांच्या शाळाही त्यांत पुष्कळ आहेत. चौदा मुलांचा वर्ग म्हणजे अगदीच कल्पनाविलास नव्हे.

लहान शाळांच्या टक्केवारीने भल्याभल्यांना चकवलं आहे. हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने पेनसिल्व्हेनियातल्या १,६६२ शाळांचे निकाल मांडून पाहिले. सर्वांत वरच्या ५० शाळांत सर्वांत लहान ५० पैकी सहा निघाल्या. योगायोगाने एक-दोन निघायला हव्या होत्या, म्हणजे लहान शाळा उत्तम, असं कुणीही म्हणेल. पण वेनरने यादीचं दुसरं टोकही पाहिलं. सर्वांत खालच्या ५० शाळांत सर्वांत लहान शाळा होत्या नऊ! मुलं थोडी असली की सरासरी कधी वर उडते, कधी तळ गाठते. मोठ्या शाळेत हुशार आणि कच्ची मुलं एकमेकांना सावरून धरतात. सरासरीची ही अस्थिरता मोजण्याचं सूत्र फ्रेंच गणिती द म्वाव्हरने १७३०मध्येच सांगून ठेवलं होतं. तरीही २०००नंतरच्या दशकात गेट्स फाउंडेशनने लहान हायस्कुलांवर अफाट पैसा ओतला आणि त्यांतल्या अनेक शाळांत अपेक्षित सुधारणा झाली नाही, हे बिल गेट्स यांनी २००९च्या पत्रात मान्य केलं. त्यात शाळा लहान असण्याचा दोष नव्हता. यादीचं एकच टोक पाहण्याची सवय मात्र नडली असावी.

आता या आकड्यांत मुलांची पार्श्वभूमी मिसळा. अमेरिकी कायद्यानुसार निकाल वंश, गरिबी, अपंगत्व, इंग्रजीची तयारी अशा गटांत फोडून द्यावा लागतो. हेतू चांगला : सरासरीच्या आड कुणी लपू नये. पण चौदांचे गट पाडले की एकेका गटात दोन-तीन मुलंच उरतात आणि कोण नापास झालं ते गावाला कळतं. म्हणून कॅलिफोर्नियात अकरापेक्षा कमी मुलं असलेल्या गटाचा निकालच छापत नाहीत. तिथे फुली येते. छोट्या शाळेचा तक्ता मग फुल्याफुल्यांनी भरून जातो. ज्या मुलांसाठी हा खटाटोप, तीच नेमकी कागदावरून गायब!

गरिबीचं मोजमाप तर आणखी गमतीचं. ते वर्षानुवर्षं जेवणावरून होत आलं. घरचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांच्या आत असेल तर शाळेत जेवण फुकट, १८५च्या आत असेल तर सवलतीत. असं जेवण मिळणारी मुलं ती गरीब, असा सरळ हिशेब. पुढे गरीब वस्तीतल्या शाळांना अर्ज न भरून घेता सरसकट जेवण देण्याची मुभा मिळाली आणि अशा कित्येक ठिकाणी ‘गरीब’ मुलं एकदम शंभर टक्के झाली. उलट ज्या छोट्या चार्टर शाळेत स्वयंपाकघरच नाही आणि जी जेवणाच्या योजनेत सामीलच नाही, तिच्या दप्तरी गरीब मूल सापडणं कठीण.

घरची पार्श्वभूमी निकालात कशी मिसळते, यासाठी ॲरिझोनातल्या ‘बेसिस’ या चार्टर शाळांचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. १९९८मध्ये टूसॉनमध्ये सुरू झालेल्या या साखळीच्या शाळांनी ‘यू. एस. न्यूज’च्या २०१७च्या हायस्कुलांच्या राष्ट्रीय यादीत पहिले तीनही क्रमांक पटकावले. त्या यादीत एपी या महाविद्यालयीन पातळीच्या परीक्षांना मोठं वजन होतं आणि बेसिसमध्ये त्या द्याव्याच लागतात. अभ्यास खरोखर कसून होतो, यात शंका नाही. पण अनेक ठिकाणी शाळेची बस नसते. म्हणजे मुलाला रोज गाडीने सोडू-आणू शकणारं घर हवं. बारावीचे वर्ग लहान असतात आणि वाटेत किती मुलं गळली, हा टीकाकारांचा जुना प्रश्न. ॲरिझोनातल्याच चँडलर शहरात इंटेलच्या कारखान्यांभोवती भारतीय अभियंत्यांची मोठी वस्ती आहे, त्यांत मराठी घरंही आली. या पालकांना बेसिसचं नाव वेगळं सांगावं लागत नाही. तिथल्या निकालात शाळेचा वाटा किती आणि घरच्या दोन पदव्युत्तर पदव्यांचा किती, हे क्रमवारी सांगत नाही.

हे वेगळं काढण्याचा एक प्रामाणिक मार्ग सोडतीनेच दिला. सोडतीत नाव लागलेली आणि न लागलेली, दोन्ही मुलं धडपड्या पालकांचीच. त्यांची पुढची वाटचाल ताडून पाहिली की शाळेचा परिणाम बराचसा सुटा होतो. बॉस्टनमध्ये अर्थतज्ज्ञांनी असं केलं तेव्हा शहरी चार्टर शाळांचा फायदा ठसठशीत दिसला. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये शहराबाहेरच्या, बऱ्या स्थितीतल्या वस्त्यांमधल्या चार्टर शाळांत तो दिसला नाही. उलट काही ठिकाणी मुलं थोडी मागेच पडली. तिथली सरासरी मात्र दिसायला झकास! म्हणून सरासरीवर भाळणाऱ्यांचं मला नवल वाटतं. अर्थात सोडत लागते ती मागणी असलेल्या शाळेत. निम्म्या जागा रिकाम्या असलेल्या शाळेला ही कसोटी लावताच येत नाही.

आपल्याकडे दहावीच्या निकालानंतर ‘शंभर टक्के’चे फलक लागतात, तेव्हा किती मुलं बसली होती हा आकडा फलकावर शोधून पाहावा. पटसंख्या वीसच्या आत असलेल्या आपल्या हजारो शाळांबद्दलची चर्चाही अशाच टक्केवाऱ्यांवर हिंदकळत असते.

मग छोट्या शाळेची परीक्षा कशी घ्यायची? तीन वर्षांचे निकाल एकत्र करावेत, म्हणजे चौदाची बेचाळीस होतात. यंदाची आठवी आणि गेल्या वर्षीची आठवी ताडण्याऐवजी तीच मुलं सहावीत कुठे होती ते पाहावं. आणि सहावीत नाव घातलेल्यांपैकी आठवीच्या परीक्षेला किती जण बसले, मधे सोडून गेलेल्यांच्या जागी नवी मुलं घेतली की बाकं रिकामीच ठेवली, हे करार वाढवायला बसलेल्या अधिकाऱ्यांनी हजेरीपट समोर ठेवून विचारावं.