हातघाई : सैनिक नेमके काय शिकतो?

'प्रकरण हातघाईवर आले' असे आपण सहज बोलून जातो. बांधावरून दोन भावांत वाद झाला, ग्रामसभेत आवाज चढले, की हा शब्द हमखास येतो. मूळ शब्द मात्र रणांगणातला. दूरची शस्त्रे मागे पडली, शत्रू हाताच्या अंतरावर आला आणि आता अंगाला अंग भिडवूनच निकाल लागणार, ती हातघाईची लढाई. या लढाईचे शिक्षण आजही प्रत्येक सैनिकाला दिले जाते. ते का आणि कसे, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

मी लष्करात सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षे रंगरूटांना शारीरिक प्रशिक्षण देण्यात गेली. आमच्याकडे शिकवणाऱ्याला 'उस्ताद' म्हणतात. गावी आल्यावर पारावर बसलो की दोन प्रश्न ठरलेले असतात. वडीलधारी माणसे विचारतात, "सुभेदार, आता ड्रोन आले, क्षेपणास्त्रे आली, मग हे गुद्दागुद्दीचे शिक्षण कशाला?" आणि पोरे विचारतात, "काका, कमांडो एका वेळी किती जणांना लोळवतो?" दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

आपल्या नगरचेच उदाहरण घेऊ. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण जुन्या माणसाच्या तोंडात नगरच येते.) खारे कर्जुनेच्या बाजूने धडाम् आवाज आला की रणगाड्यांचा सराव चालू आहे हे आपल्या शाळकरी पोरालाही कळते. चिलखती दलाचे केंद्र आणि शाळा येथे आहे आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे म्हणजे यांत्रिक पायदळाचे केंद्रही येथेच आहे. ही रेजिमेंट १९७९ साली उभी राहिली. या दलाचे जवान 'बीएमपी-२' नावाच्या पोलादी गाडीतून लढाईत जातात. गाडी चालवणारे आणि तोफ डागणारे मिळून तिघे आणि मागे बसलेले सात जवान. गाडीवर ३० मिलिमीटरची तोफ असते. मग हातघाईची गरज कोठे आली?

ती मागचे दार उघडल्यावर येते. गाडी शत्रूच्या मोर्चापर्यंत नेते, पण मोर्चात उतरून तो ताब्यात घ्यायचा तो माणसानेच. खंदक दोन हात रुंद, वळणावळणाचा. बंकरमध्ये अंधार आणि धूर. कोपरा वळला आणि शत्रू समोर आला, तर दोघांत अंतर उरते एका पावलाचे. तेवढ्यात रायफलीतल्या गोळ्या संपलेल्या असू शकतात, गोळी अडकलेली असू शकते, किंवा समोरच्याने तुमच्या रायफलीची नळीच धरलेली असू शकते. त्या दोन-तीन सेकंदांसाठी हे शिक्षण असते.

दुसऱ्या महायुद्धातले एक उदाहरण सांगतो. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्यांच्या तुकडीवर पन्नास यार्डांवरून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे पडले. घाडगे एकटेच धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, टॉमीगनने आणखी एकाला टिपले. नवी मॅगझिन चढवायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि तिचाच सोटा करून उरलेल्या दोघांना संपवले. पुढच्याच क्षणी लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 'मॅगझिन बदलायला वेळ नव्हता' हे त्या हकिकतीतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य. हातघाईची सगळी गरज त्यात आली.

आता हे शिकवतात कसे? पुष्कळांना वाटते की कराटेसारखे शंभर डाव पाठ करून घेत असतील. तसे नसते. जिवाची भीती वाटली की छाती धडधडते, हात थरथरतात, नजर आखडते. बोटांची नाजूक कामे त्या वेळी होत नाहीत. बटण लावायला जमत नाही तिथे मनगटाचा अवघड पेच काय जमणार? म्हणून डाव थोडेच आणि तेही अंगाच्या मोठ्या हालचालींचे असतात. कोपर, गुडघा, तळहात, बुटाची टाच आणि हातातली रायफल. हे मोजके डाव इतक्या वेळा घोटून घेतात की डोके बधिर झाले तरी अंग आपोआप चालावे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंना शिकवणारे फेअरबेर्न हे आधी शांघायच्या पोलीस दलात होते. त्यांच्या शिक्षणाचा पायाही हाच होता.

पहिला धडा मारण्याचा नसतो, पडण्याचा असतो. हनुवटी छातीला, पाठ गोल, हाताचा पंजा जमिनीवर आपटून धक्का वाटून द्यायचा. पाठीवर सामान, डोक्यावर हेल्मेट, हातात रायफल घेऊन नीट पडता आणि लगेच उठता आले की अर्धे काम झाले. मग उभे राहण्याची रीत, तोल, अंतर. मग मानेवरची, मनगटावरची पकड सोडवणे. मग आपले शस्त्र दुसऱ्याच्या हाती न जाऊ देणे. आणि संगीन.

संगिनीबद्दल एक गोष्ट. अमेरिकेच्या भूदलाने २०१० साली नवशिक्यांच्या प्रशिक्षणातून संगिनीचा सराव काढून टाकला. आपल्याकडे तो टिकून आहे. पेंढा भरलेला पुतळा टांगलेला असतो. जवान ओरडत धावतो, भोसकतो, पाय लावून संगीन मागे खेचतो आणि पुढच्या पुतळ्याकडे जातो. ते ओरडणे शोभेचे नसते. ओरडताना श्वास बाहेर पडतो, पोट घट्ट होते, घावात जोर येतो. शिवाय भीतीने श्वास कोंडला की माणूस थिजतो. ओरडणारा माणूस थिजत नाही.

आपला जिल्हा कुस्तीचा. गावोगावी तालमी आहेत, २०२५ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धाही येथेच झाली. तालमीतून आलेला रंगरूट उस्तादाला आवडतो. त्याची मान भक्कम, पकड चिवट, दम दांडगा. समोरच्याचा तोल कोठे आहे हे त्याला हाताला हात लागताच कळते. पण त्याला एक सवय मोडावी लागते. कुस्तीत पाठ टेकली की हार, म्हणून पैलवान पडताना पालथा होतो आणि माती धरून बसतो. रणात पालथे पडण्यासारखे धोक्याचे दुसरे काही नाही. समोरचे दिसत नाही, आपलेच हात अंगाखाली दबतात आणि मानेवर उघडा वार बसतो. त्यापेक्षा पाठीवर पडून पाय शत्रूकडे करणे बरे. कुस्तीत एकाला एक, पंच हजर आणि हातात काही नाही. रणात समोरच्याच्या कमरेला सुरा असतो आणि मागे त्याचा जोडीदार असतो. म्हणून खाली गुंतून राहायचे नाही, लवकर सुटून उभे राहायचे.

जोडीदारावरून सर्वांत मोठा मुद्दा येतो. सैन्यात प्रत्येकाला एक 'बडी' असतो. हातघाईत तुमचे काम एकट्याने जिंकणे हे नसून बडी पोचेपर्यंत टिकून राहणे, शत्रूचे शस्त्र अडवून धरणे हे असते. सिनेमातला नायक दहा जणांना एकटा लोळवतो. खऱ्या सैनिकाला दहांच्या गराड्यात एकट्याने न सापडण्याचे शिकवतात.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवा. गिरगाव चौपाटीच्या नाक्यावर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हाती फक्त लाठी होती. साताऱ्याच्या केडंब्याचा हा माणूस पोलिसात येण्याआधी लष्करात होता. त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या अंगात शिरत असताना सोडली नाही. तेवढ्या वेळात सहकाऱ्यांनी कसाबवर झडप घातली आणि तो जिवंत सापडला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. शस्त्र धरून ठेव, बाकीचे साथीदार करतील, हा हातघाईचा मुख्य नियम त्यांनी आपला जीव देऊन पाळला.

'हे सगळे जुने झाले' असे म्हणणाऱ्यांना गलवानने उत्तर दिले. भारत आणि चीन यांच्यात १९९६ साली झालेल्या करारानुसार प्रत्यक्ष ताबारेषेच्या दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही. १५ जून २०२० च्या रात्री लडाखमधील गलवान खोऱ्यात म्हणूनच बंदुका न झाडता झुंज झाली. दगड, दांडके, खिळे लावलेले सोटे आणि उघडे हात. कर्नल संतोष बाबू यांच्यासह आपले वीस जवान गेले. त्यांपैकी सतरा जण गंभीर जखमी होऊन शून्याखालच्या थंडीत सापडले होते, असे लष्करानेच तेव्हा सांगितले. पुढे ९ डिसेंबर २०२२ रोजी अरुणाचलातील यांग्त्से येथेही अशीच झटापट झाली, तेव्हा आपल्या जवानांनी चिनी तुकडी मागे रेटली. अण्वस्त्रे असलेल्या दोन देशांचे सैनिक विसाव्या शतकात नव्हे, एकविसाव्या शतकात हातांनी लढले!

तेवढ्या उंचीवर लढण्याची गणितेही बदलतात. हवा विरळ, दहा-वीस सेकंदांच्या झटापटीत दम संपतो. अंगावर जाड कोट, हातात मोजे, म्हणून बुक्की लागत नाही. तेथे ढकलणे, पाडणे, ढाल धरून रांगेने रेटणे आणि आपली रांग न मोडणे कामी येते. गलवाननंतर लष्कराने 'अमर' नावाचा नवा क्रम आणला. 'आर्मी मार्शल आर्ट्स रूटीन' याची ती आद्याक्षरे. वेगवेगळ्या युद्धकलांतले कामाचे डाव घेऊन तो बसवला आहे.

यापुढचा टप्पा कमांडोंचा. पायदळाच्या प्रत्येक बटालियनमध्ये 'घातक' नावाची निवडक पलटण असते आणि तिचे शिक्षण बेळगावच्या कमांडो शाखेत होते. तेथे डाव फारसे वेगळे नसतात, परिस्थिती वेगळी असते. रात्रभर ओझे घेऊन चालल्यावर, भुकेल्या पोटी, झोपेविना तोच डाव बरोबर करून दाखवायचा. ताजातवाना असताना कोणीही शूर असतो.

आणखी एक गोष्ट सिनेमात दिसत नाही, ती म्हणजे हात आवरणे. शत्रूने शस्त्र टाकले, हात वर केले, की त्याच क्षणी तो कैदी होतो. १९४९ च्या जिनीव्हा करारांनी त्याला संरक्षण दिले आहे. रागाने पेटलेला माणूस एका क्षणात थांबायला हवा. म्हणून सरावात उस्तादाची शिटी वाजली की उगारलेला हात तेथेच थांबला पाहिजे. जो थांबत नाही त्याला मी कधी चांगला लढवय्या म्हटले नाही.

आता पोरांसाठी दोन शब्द. आपल्या जिल्ह्यात भरतीची तयारी करणारी मुले पुष्कळ. काही ठिकाणी 'कमांडो ट्रेनिंग'च्या नावाखाली कौले डोक्यावर फोडणे, मोबाइलवर पाहून एकमेकांच्या माना पिरगाळणे असले प्रकार चालतात. एका मुलाची मान अशीच दुखावली आणि भरतीच हुकली, हे मी पाहिले आहे. मानेचा मणका एकदा दुखावला की वैद्यकीय तपासणीत सगळे संपते. हातघाई सैन्य शिकवील. तुम्ही तिचा पाया न्या. धावा, दोरावर चढा, तालमीत जा, नीट पडायला शिका. लष्कराच्या शारीरिक चाचणीत धाव असते, वीट फोडणे नसते.

आणि आदर्श हवा असेल तर तो आपल्याच जिल्ह्यात आहे. संगमनेरजवळच्या निमज गावचे नामदेव जाधव. पहिली बटालियन, पाचवी मराठा. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदी ओलांडताना त्यांच्या तुकडीची धूळधाण झाली. या निरोप्याने आधी दोन जखमी साथीदारांना पाण्यातून, चढावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून एकेक करून पाठीवर सुरक्षित आणले. मग परत जाऊन एकट्याने तीन मशीनगन ठाणी बंद पाडली. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा हातबॉम्ब घेतले. शेवटी बांधावर उघड्यावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या तुकड्यांना बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि सुदैवाने तो हयातीत मिळाला. ते १९८४ साली वारले.

क्रम लक्षात घ्या. आधी साथीदारांना उचलले, मग शत्रूवर गेले. कमांडो किती जणांना लोळवतो असे विचारणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो की किती जणांना पाठीवर घेऊन परत आणतो, ते आधी विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)