“माझ्या एका मतानें काय होणार?”

हा प्रश्न सुशिक्षित घरांत वारंवार ऐकूं येतो, आणि तो अगदींच पोकळ आहे असें म्हणवत नाहीं. भंडारा जिल्ह्यांतील साकोलीचेंच उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्यें तेथें विधानसभेच्या निवडणुकींत नाना पटोले यांस ९६,७९५ व अविनाश ब्राह्मणकर यांस ९६,५८७ मतें पडलीं; अंतर अवघें २०८. विजयी बाजूचे १०५ मतदार पलीकडे वळते, तरी निकाल फिरला असता. येथेंही कोणा एकट्याच्या मतानें कांहीं बदललें नसतें, हें खरें. (राजस्थानांत नाथद्वारा येथें २००८ सालीं सी. पी. जोशी एकाच मतानें पडले. पण असे प्रसंग विरळाच.) मात्र घरीं बसलेला गृहस्थ हा हिशेब एकटाच करीत नसतो. तोच हिशेब त्याच सकाळीं शेंकडों घरांत चाललेला असतो, आणि दोनशें आठ माणसें म्हणजे एखादी लहानशी वाडीच.

पण हरणाऱ्यास दिलेलें मत? १९५४ सालीं याच भंडाऱ्यांत लोकसभेच्या पोटनिवडणुकींत डॉ. आंबेडकर उभे राहिले, आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. ज्या घटनेनें प्रत्येक प्रौढास मत दिलें, तिच्या मसुदा-समितीचे अध्यक्षच त्या मतांनीं पडले! तरी त्यांस पडलेलीं मतें वायां गेलीं असें मी म्हणणार नाहीं. मत कोणास दिलें तें गुप्त राहतें; केंद्रवार आंकडे मात्र जाहीर होतात, आणि कोणत्या गांवीं किती जण विरुद्ध गेले, किती आलेच नाहींत, हें पुढल्या खेपेचे उमेदवार त्यांतच वाचतात.