मूतखड्याची सावली

वर्ध्याच्या उन्हाळ्यात घाम फार जातो. पाणी कमी प्यायल्यास लघवी दाट होते आणि त्यातील क्षारांचे खडे बनू शकतात. असा खडा श्राव्यातीत ध्वनीने शोधतात. ३.५ मेगाहर्ट्‌झचा ध्वनी शरीरात सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो; म्हणून तरंगलांबी ०.४४ मिलिमीटर. खडा ध्वनी अडवतो. पडद्यावर तो पांढरा दिसतो व मागे काळी सावली पडते. पण खडा ध्वनिशलाकेहून अरुंद असला, तर ध्वनी कडेने पुढे जातो. सावली पडत नाही, खडा नजरेतून सुटतो. म्हणून शलाका खड्याच्या खोलीवर केंद्रित करतात. रंगीत डॉप्लर तपासणीत खडबडीत खड्यावर रंग लुकलुकतात, त्याचीही मदत होते. ७ मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी किती? निम्मी! मात्र तो ध्वनी लवकर क्षीण होतो. खोलवरचा खडा त्याला गवसत नाही.